खोटा मेंढपाळ कोण ठरवतो? दमण, माहीम आणि रायबंदर

(मसोली, डहाणू येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला गेला तो असा: ख्रिस्तसभेतले खोटे शिक्षक कसे ओळखायचे आणि ओळखल्यावर त्यांना दूर कसं ठेवायचं. विषय ऐकून मी आधी जरा बिचकलो. मी धर्मगुरू नाही, ईशज्ञानाचा अभ्यासकही नाही. मी इतिहासाची कागदपत्रं वाचणारा माणूस. तेव्हा मी एवढंच करणार आहे की, आपल्या या किनाऱ्यावर, म्हणजे दमणपासून गोव्यापर्यंत, ‘हा खोटा’ असं ज्यांना ज्यांना ठरवलं गेलं त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगायच्या. ठरवलं कुणी, कशावरून ठरवलं, आणि त्याचं पुढे काय झालं. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

सुरुवात मात्र थोडी लांबून करावी लागेल. येशूची शिकवण सगळ्यांना पाठ आहे: मेंढराचं कातडं पांघरून लांडगे येतील, झाड जसं फळावरून तसा माणूस त्याच्या कृतीवरून ओळखा. ऐकायला सोपं. पण फळ यायला वेळ लागतो हो! चिकूचं कलम लावलं तरी तीन-चार वर्षं थांबावं लागतं, हे डहाणूकरांना मी काय सांगणार. आणि दारात उभा असलेला माणूस तर आजच शिकवणार आहे, आजच जेवणार आहे. मग आज काय करायचं?

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांना ही अडचण रोजची होती. फिरते प्रेषित, फिरते संदेष्टे गावोगाव येत. ‘दिदाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे. शतकानुशतकं ते हरवलेलं होतं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये १८७३ साली एका ग्रीक बिशपला त्याचं हस्तलिखित सापडलं आणि १८८३ साली ते छापलं गेलं. त्यात या प्रश्नावर अगदी घरगुती उत्तर आहे. पाहुणा आला, त्याचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवत नसेल तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल, पैसे मागितले तर तो खोटा. अंगात आल्यावर ‘जेवणाचं ताट मांडा’ असं सांगेल आणि स्वतःच त्या ताटावर बसेल, तर तो खोटा. दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

गंमत बघा, यात सिद्धान्ताची परीक्षा फार थोडी आहे. जेवण, मुक्काम आणि पैसा. घरातल्या बाईला करता येईल अशी परीक्षा. मला स्वतःला ही फार शहाणपणाची वाटते, कारण हिच्यात निर्णय चुकला तरी कुणाचा जीव जात नाही. फार तर एखाद्या भल्या माणसाला भाकरी घेऊन एक दिवस आधी निघावं लागतं.

जीव जाण्याची गोष्ट आता सांगतो.

इथून उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवर दमण. पोर्तुगीजांनी ते १५५९ साली घेतलं. आपलं डहाणू, तारापूर हा सगळा पट्टा त्यांच्या उत्तर प्रांतात होता, आणि मराठ्यांनी तो १७३९ साली घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचं न्यायालय बसलं. मराठीत आपण त्याला धर्मन्यायसभा म्हणू. तिचा अधिकार फक्त गोव्यापुरता नव्हता. आफ्रिकेच्या टोकापासून मकावपर्यंत जिथे जिथे पोर्तुगीज होते तिथपर्यंत तो होता, आणि वसईत, दमणमध्ये तिचे प्रतिनिधी बसत.

दमणमध्ये १६७३ साली शार्ल देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य आला. वय चोविसाच्या आसपास. कॅथलिक, श्रद्धाळू, पण बोलघेवडा. चार लोकांत बसला की धर्मावर वाद घालायचा. बाप्तिस्म्याच्या एका प्रकाराबद्दल तो एका धर्मगुरूशी वाद घालून बसला. त्या काळी दानपेटीवर संतांची छोटी चित्रं रंगवलेली असत, पेटी फिरवणारा ती चुंबनासाठी पुढे करी. हा चुंबन घेत नसे. हस्तिदंती क्रूसाबद्दल, तो शेवटी हस्तिदंतच आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, धर्मन्यायसभेचे न्यायाधीशही माणसंच आहेत, त्यांचीही चूक होऊ शकते, असं म्हणाला.

त्याची स्वतःची समजूत अशी की, खरं कारण वेगळंच होतं. दमणच्या गव्हर्नरला तो एका बाईकडे जातो याचा मत्सर वाटत होता, आणि तिच्यावर धर्मन्यायसभेशी संबंधित एका पाद्रीचाही डोळा होता. हे त्याच्या बाजूने सांगितलेलं आहे, तेवढं लक्षात ठेवूनच ऐका. पण पुढचा भाग महत्त्वाचा. आपल्याविरुद्ध कुजबुज चालू आहे हे कळल्यावर तो आपण होऊन दमणच्या प्रतिनिधीकडे गेला आणि आपण काय काय बोललो ते सांगून टाकलं. स्वतःहून येणाऱ्याला क्षमा असा नियमच होता. प्रतिनिधीने त्याला धीर देऊन परत पाठवलं. आणि ऑगस्ट १६७३ मध्ये त्याला अटक झाली.

दमणच्या तुरुंगातून वसईला, वसईहून गोव्याला. जानेवारी १६७४ मध्ये तो धर्मन्यायसभेच्या कोठडीत पडला. तिथली रीत अशी की, आरोप काय ते आरोपीला सांगायचं नाही, साक्षीदार कोण तेही सांगायचं नाही. तूच आठव, तूच कबूल कर. विचार करा, आयुष्यभरात आपण जेवता-खाता जे जे बोललो त्यातलं नेमकं कोणतं वाक्य कुणाला खुपलं, हे कोठडीत बसून ओळखायचं! देलाँने एक-दोनदा जीव द्यायचाही प्रयत्न केला.

दोन वर्षांनी, जानेवारी १६७६ मध्ये, त्याला मिरवणुकीने चर्चमध्ये नेलं आणि निकाल वाचला गेला. धर्मबहिष्कार, मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालमध्ये पाच वर्षं सक्तमजुरी. त्याच सोहळ्यात काहींना जाळण्याचीही शिक्षा झाली. त्या दिवशीच्या प्रवचनाची आठवण देलाँने लिहून ठेवली आहे. प्रवचनकार म्हणाला की, नोहाच्या तारवात जी जनावरं जशी शिरली तशीच बाहेर आली, पण धर्मन्यायसभा मात्र लांडगा आत घेते आणि कोकरू करून बाहेर सोडते. येशूने दिलेला दृष्टान्त कसा उलटा झाला पाहा. लांडगा ओळखायला सांगितलं होतं. इथे लांडगा कोण हे आधीच ठरलेलं होतं आणि कोकरू बनवायचं यंत्रही तयार होतं.

देलाँ १६७७ मध्ये लिस्बनमध्ये सुटला आणि १६८७ साली त्याने ही हकिकत छापली. ती युरोपभर गाजली. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं त्यातही तिला जागा आहे. ज्यांना हा विषय नीट समजून घ्यायचा आहे त्यांनी प्रियोळकर वाचावेत. १८१२ साली हे न्यायालय कायमचं बंद झालं आणि त्याचं बहुतांश दप्तर नष्ट झालं. म्हणून एका वैद्याची हकिकत आपल्याला एवढी महत्त्वाची.

पण देलाँ नशीबवान हो. तो युरोपियन होता, लिहिता येणारा होता. सोळा हजारांच्या वर खटले चालले, त्यातले असंख्य लोक ‘शिक्षक’ नव्हतेच. इथलेच, नुकतेच ख्रिस्ती झालेले. धर्मन्यायसभेचं १७३६ सालचं एक आज्ञापत्र आहे, त्यात अंगणातली तुळस, लग्नातल्या हळदीचे आणि विड्याचे रिवाज, धोतर-चोळी असल्या गोष्टींची मनाई आहे. म्हणजे खोटी शिकवण शोधता शोधता हे लोक स्वयंपाकघरात आणि परसात पोहोचले. गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं आणि ज्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १५६८ साली वारला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असं ठरवून १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसाची शिकवण थांबवायची म्हणजे आणखी काय करणार?

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला अधिक गुंतागुंतीची वाटते. कारण इथे कुणी दुष्ट नाही.

पोर्तुगालच्या राजाला पोपने फार पूर्वी एक हक्क दिला होता, पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून बिशप सुचवायचा. त्याला पाद्रोआदो म्हणतात. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, तेव्हा रोमने स्वतःची धर्मप्रसाराची सभा काढली, प्रोपागांदा. एकीचे धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली, दुसरीचे थेट रोमच्या. दोघेही कॅथलिक, दोघांची मिस्सा तीच, प्रार्थना त्याच.

मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर इथल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंवर पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा संशय आला. १७२० साली इंग्रज गव्हर्नरने त्यांना बाहेर काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाईट बिशपला बोलावलं. १७८९ साली चर्चेस परत गोव्याकडे दिली. १७९१ साली पुन्हा कार्मेलाईटांकडे. शेवटी १७९४ साली चार चर्चेसची वाटणी केली, दोन यांना, दोन त्यांना. ख्रिस्तसभेत खरा मेंढपाळ कोण हे कंपनी सरकारच्या कचेरीत ठरत होतं, हे जरा लक्षात घ्या.

आणि मग १८३८. पोर्तुगाल आणि रोम यांचं तेव्हा फाटलेलं होतं, पोर्तुगालने १८३४ साली साधूंचे मठच बंद करून टाकले होते. पोप सोळाव्या ग्रेगरीने आज्ञापत्र काढून हिंदुस्थानातल्या बऱ्याच भागावरचा पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. गोव्याच्या बाजूचे धर्मगुरू म्हणाले, राजाची संमती नसलेलं पत्र आम्हाला लागू नाही. काहींनी तर ते पत्रच बनावट असल्याचं म्हटलं. रोमच्या बाजूने यांना ‘फुटीर’ म्हटलं गेलं. योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळाचा दाखला दोघांच्याही तोंडी: जो दारातून येत नाही तो चोर. पण दार कोणतं, याचंच तर भांडण होतं!

यात सामान्य माणसाचं काय अडलं, ते सांगतो, कारण ते पुस्तकांत फारसं येत नाही. चौथ्या शतकात आफ्रिकेत दोनातस पंथाशी वाद झाला तेव्हापासून ख्रिस्तसभेने एक गोष्ट धरून ठेवली आहे. धर्मगुरू व्यक्तिशः कसाही असो, त्याने दिलेला बाप्तिस्मा खराच. संत ऑगस्टिनने यासाठी आयुष्याची बरीच वर्षं घातली. त्यामुळे माहीमच्या कोळ्याच्या पोराचा बाप्तिस्मा कुणीही केला तरी चालण्यासारखा होता. पण पापकबुली आणि लग्न यांचं तसं नाही. कबुली ऐकणाऱ्याला अधिकार लागतो. आणि त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवलं की, लग्न आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर, साक्षीदारांसमोर झालं तरच लग्न. म्हणजे समोरचा धर्मगुरू ‘खरा’ नसेल तर लग्नच झालं नाही! आई-बाप पाच पोरांसह एका छपराखाली राहतायत, आणि पलीकडच्या चर्चमधून सांगितलं जातंय की, तुम्ही नवरा-बायको नाही. मरणाऱ्याच्या उशाशी आलेल्या फादरने क्षमा दिली ती पोहोचली की नाही, याची शंका घेऊन लोक जगले. त्या फादरने काही चुकीचं शिकवलं म्हणून नव्हे. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर सही कुणाची, म्हणून.

हा वाद सगळ्यांत पेटला तो माहीमला, १८५३ साली. तुमच्यातले बरेच जण बुधवारी माहीमला नोव्हेनासाठी गेले असतील. तेच सेंट मायकल चर्च, आजची इमारत अर्थात नवी. ते रोमच्या बाजूकडे होतं, पण तिथला धर्मगुरू आणि बरेचसे लोक गोव्याच्या बाजूला झुकले. रोमच्या बाजूचे बिशप होते अनास्तासियुस हार्टमन. स्वित्झर्लंडचे कापुचिन साधू, पाटण्याहून आलेले, अत्यंत साधे आणि तितकेच हट्टी. १८५० साली त्यांच्याच काळात ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक निघालं. हे बिशप स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले, दारं आतून लावून घेतली. बाहेर गोव्याच्या बाजूचे लोक. पंधरा दिवस वेढा! आतला शिधा संपत आला. शेवटी सरकारने मध्ये पडून दारं उघडवली आणि चर्च बाहेरच्यांच्या ताब्यात दिलं. बाहेरच्यांची संख्या जास्त होती.

मला विचाराल तर हार्टमन यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी पुढेही बरंच काम केलं. पण बाहेर उभ्या असलेल्या लोकांबद्दलही आहे. १७३९ नंतर पोर्तुगीज साधू निघून गेले तेव्हा वसई-साष्टीच्या लोकांसाठी मिस्सा चालू ठेवली ती गोव्याकडच्या साध्या धर्मगुरूंनी. त्यांना एक दिवस कागद दाखवून ‘चोर’ म्हणणं लोकांना पटलं नाही. कसं पटावं?

रोम आणि लिस्बन यांच्यात १८५७ साली एक करार झाला, १८८६ साली दुसरा. दुसऱ्या करारानुसार दमण हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अखेर १९२८ साली मुंबईतला दुहेरी कारभार संपला. १७९४ ते १९२८, म्हणजे एकशे चौतीस वर्षं! आणि संपला तेव्हा कुणालाही आपली शिकवण बदलावी लागली नाही, कारण शिकवण पहिल्यापासून एकच होती.

तिसरी गोष्ट थोडक्यात, पण ती टाळता येत नाही. १८८६ च्या करारावर गोव्याच्या बाजूचे काही लोक चिडले. त्यांच्यात वेर्ण्याचे फादर अंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर अल्वारिस होते. ते रोमशी संबंध तोडून मलबारच्या सिरियन ऑर्थोडॉक्स सभेत गेले आणि १८८९ साली कोट्टायमला बिशप झाले, मार ज्युलियस या नावाने. अर्थात धर्मबहिष्कार आला. गोव्यात त्यांना अटक झाली, बिशपचा पोशाख अंगावरून उतरवून घेतला गेला. पणजीत ते गरिबांत राहिले. पटकीच्या साथीत काय करावं यावर त्यांनी पत्रक काढलं, दुष्काळात लोकांनी कसावा लावावा म्हणून लिहिलं, अनाथ-आजाऱ्यांसाठी दारोदार भीक मागितली. १९२३ साली वारले. चर्चच्या व्याख्येप्रमाणे खोटे शिक्षक, आणि अंत्ययात्रेला ही गर्दी! रायबंदरला त्यांच्या अस्थी आहेत, ऑर्थोडॉक्स लोक आजही तिथे जमतात.

म्हणजे फळावरून पाहिलं तर खरे? थांबा. याच अल्वारिसांनी १८९२ साली कोलंबोत रेने व्हिलात नावाच्या माणसाला बिशप केलं. हा व्हिलात या सभेतून त्या सभेत फिरत राहिला, आणि त्याच्यापासून पुढे कितीतरी भटक्या बिशपांची वंशावळ निघाली, ज्यांना ना धर्मप्रांत ना लोक, नुसती पदवी. भल्या माणसाची पारखही कशी चुकते, याचं हे उदाहरण. म्हणून मी अल्वारिसांना संतही म्हणत नाही आणि लांडगाही.

वेळ झाली आहे. दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला मागच्या बाजूने, एका ताईंचा: “पाड्यावर प्रार्थना करून आजार बरा करतो म्हणणारे येतात. त्यांचं काय करायचं?” ताई, प्रार्थना कुणी कुणासाठीही करावी, त्याला हरकत नाही. दिदाखेची परीक्षा लावा: किती दिवस राहतो, काय मागतो, ताटावर कोण बसतं. आणि एक परीक्षा कायद्याची आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. तेव्हा कुणी ‘गोळ्या बंद करा, विश्वास कमी पडतो’ म्हणाला, तर तिथेच त्याला थांबवा आणि पेशंटला दवाखान्यात न्या. फळ यायची वाट बघत बसू नका.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा: “आमचे पूर्वज वसईकडचे. पणजोबांच्या लग्नाची नोंद गावच्या चर्चमध्ये सापडत नाही.” साल कोणतं? १९२८ च्या आधीचं असेल तर शेजारच्या दुसऱ्या चर्चची वहीही पाहा. त्या काळी एकाच गावात दोन वह्या असू शकत होत्या, आणि तुमच्या पणजोबांनी कोणत्या बाजूच्या फादरला ‘आपला’ मानलं होतं, ते त्या वहीतच कळेल.